मागच्या दाराची कडी

क्लिफ आपल्या पेटिट थिएटरच्या काचेआड नवं पोस्टर लावत होता, आणि रस्त्याच्या पलीकडे हार्लन ब्रेक्के कोंबड्यांच्या खाद्याची पोती ट्रकमध्ये चढवत होता. मे महिना संपत आला होता. लिंडग्रोव्हमध्ये त्या दिवसांत नवं पोस्टर लागलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मान वळवून पाही. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात पाहण्यासारखं दुसरं होतं तरी काय? हार्लननंही पाहिलं, आणि पोतं खांद्यावरच राहिलं.

पोस्टरवर पाऊस होता. पावसात गुडघे टेकून बसलेला एक शिपाई, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला दुसरा.

"काय रे, ओळखीचं वाटतंय का?" क्लिफ तिथूनच ओरडला. "जुनंच आहे, त्रेचाळीस सालचं. आता कोरियाचं चाललंय ना, म्हणून कंपनीनं परत काढलंय. डेकोरेशन डेला दुपारचा खेळ लावतोय, आपल्या गेलेल्या पोरांच्या नावानं. आणि मानाच्या खुर्चीवर कोण बसणार, सांगू? मिसेस हॉगन!"

"मिसेस हॉगन थिएटरात पाऊल टाकायच्या नाहीत," हार्लन म्हणाला. आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा असं त्याला वाटलं.

"टाकणार! पास्टरांनी परवानगी दिलीय. या एकाच वेळेपुरती. जन्मात पहिलं पिक्चर बघणार बाई, आणि तेही माझ्या थिएटरात! शेजारची खुर्ची तुझी. गणवेश घालून ये हं. पोट आत घेऊन."

हार्लननं पोतं खाली ठेवलं आणि ट्रकच्या फळीवर बसला.

लिंडग्रोव्हची निम्मी वस्ती नॉर्वेहून आलेल्यांची. टेकडीवरच्या त्यांच्या चर्चात पत्ते, नाच आणि सिनेमा ही सैतानाची तीन दारं मानत. तरणी पोरं त्या दारांतून चोरून आत-बाहेर करत, पण गुड्रून हॉगनसारखी बाई थिएटरसमोरून जायची झाली तर रस्ता ओलांडून पलीकडून जाई. या एका गोष्टीच्या भरवशावर हार्लन सहा वर्षं निर्धास्त होता.

पंचेचाळीसच्या शरदात तो युद्धावरून परतला, तेव्हा सगळ्यांत आधी हॉगनबाईंकडे गेला होता. जायलाच हवं होतं. त्यांचा मुलगा एल्मर आणि तो एकाच बाकावर शिकलेले, एकाच तुकडीत गेलेले, जर्मनीच्या सीमेवरच्या त्या काळ्या जंगलात एकाच खड्ड्यात राहिलेले. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ठेवला, कॉफी ओतली, आणि हात मांडीवर घेऊन समोर बसल्या. विचारलं एवढंच, "शेवटी काय म्हणाला तो?"

हार्लननं घरून निघताना ठरवलं होतं की 'लगेच गेला, कळलंसुद्धा नाही त्याला' असं सांगायचं. सगळेच तसं सांगत. पण बाईंच्या डोळ्यांकडे पाहून त्याची जीभ उचलेना. आणि मग ती उचलली ती भलतीकडेच गेली. "पाऊस पडत होता," तो म्हणाला. आणि पुढचं सगळं आपोआप येत गेलं. पाऊस, गोळीबार, आपण धावत गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला दुखत नव्हतं. तो हसला. म्हणाला, आईला सांग, मागच्या दाराची कडी लावू नकोस, मी कधीही येईन.

हे त्यानं कुठून आणलं होतं, ते त्यालाच ठाऊक. एल्मर गेल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या तुकडीला विश्रांतीसाठी मागे आणलं होतं. गरम पाण्याची अंघोळ, कोरडे मोजे आणि एका धान्याच्या कोठारात चादर टांगून दाखवलेलं पिक्चर. युद्धाचंच. शिपायांना युद्धाचं पिक्चर दाखवायची अक्कल कुणाची, देव जाणे! सगळे जमिनीवर उकिडवे बसून नुसते ओरडत होते. "अरे, याचे बूट बघा, रविवारच्या प्रार्थनेला निघालाय!" "काडी पहिल्या झटक्यात पेटली! पावसात!" "याला कधी परसाकडला लागत नाही का रे?" "खड्डा कुणी खणला यांचा? फावडं कुठाय?" हसून हसून माणसं लोळत होती. तो पोरगा पावसात मित्राच्या मांडीवर मरायला लागला तेव्हा तर कुणीतरी डबा वाजवला. हार्लनही हसत होता. मग केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की आपण हसत नाही आहोत, आणि शेजारच्यानं आपल्या पाठीवर हात ठेवलाय.

ते पिक्चर त्यानं हॉगनबाईंच्या टेबलावर ओतलं होतं. एकदा ओतलं, ते ओतलंच. पुढच्या वर्षापासून डेकोरेशन डेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी, स्मशानभूमीतलं सगळं आटोपलं की त्यानं मागच्या दारानं त्यांच्या घरात शिरायचं, त्यांनी रुबार्बचा पाय पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, "सांग पाहू पुन्हा." कडी चौकटीला लोंबत असायची. दर वर्षी त्याची नजर आधी त्या कडीवर जाई. मग तो सुरू करी, "पाऊस पडत होता..."

आणि आता तो पाऊस गावात आला होता.

त्या आठवड्यात त्यानं काय काय करून पाहिलं! क्लिफला म्हणाला, दुसरं पिक्चर लाव, विनोदी लाव. क्लिफ म्हणाला, "पिक्चरचे डबे बसनं येऊन पडलेत, बाबा. आता काय मी पडद्यावर नाचू?" मग तो हॉगनबाईंकडे गेला. त्या अंगणात पिओनीची फुलं कापत होत्या.

"तुम्ही ते बघू नका, मिसेस हॉगन. फार आरडाओरडा असतो. रक्त असतं."

"मी चाळीस वर्षं डुकरं कापलीयत, पोरा."

"शिव्यासुद्धा असतात."

"माझे दोन दीर लाकडाच्या वखारीत होते." त्यांनी एक फूल झटकून मुंग्या पाडल्या. "तू येणार आहेस ना?"

"कंबर धरलीय जरा."

"मग उशी घेऊन ये," त्या म्हणाल्या.

घरी व्हर्नानं त्याचा गणवेश पेटीतून काढून, झटकून, इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता. बटणं पुढे सरकवून लावली होती. आपल्या नवऱ्याचा तिला फार अभिमान. गोळ्यांच्या वर्षावात मित्राला मांडीवर घेऊन बसलेला माणूस हा. ती गोष्ट तिनंही ऐकली होती, बाईंच्याच तोंडून. हार्लन त्या गणवेशाकडे बघत पलंगावर बसून राहिला. त्याला वाटलं, त्यात आधीच कुणीतरी उभं आहे आणि आपली वाट बघतंय.

डेकोरेशन डेला ऊन लख्ख पडलं होतं. स्मशानभूमीत बँड झाला, झेंडे झाले, पास्टरांची प्रार्थना झाली. एल्मरच्या दगडाखाली एल्मर नव्हता, तो बेल्जियमच्या मातीत होता. पण पिओनी मात्र सगळ्यांत जास्त त्याच्याच दगडापाशी. मग सगळं गाव टेकडी उतरून थिएटरात.

क्लिफनं दारातच हॉगनबाईंचा हात धरला, त्यांना मधल्या रांगेत नेलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "सांभाळून हं. ही खुर्ची आपोआप मिटते, आधी खाली दाबावी लागते, मी दाखवतो..." तोवर बाईंनी हात मागे नेऊन, न बघताच, बैठक खाली दाबली होती आणि त्या बसल्याही होत्या. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली, मागच्याला पडदा दिसावा म्हणून. हार्लननं ते पाहिलं, पण त्याचं मन जाग्यावर नव्हतं.

तो त्यांच्या डावीकडे. त्याच्या डावीकडे व्हर्ना, मांडीवर मक्याच्या लाह्यांची पिशवी. पलीकडे औषधवाले, टपालवाले, त्यांची बायकामुलं. दोन्ही बाजूंना अख्खी रांग गुडघ्याला गुडघा लावून भरलेली. बाहेर पडायचं तर वीस माणसांना उठवावं लागलं असतं, आणि सगळ्यांनी विचारलं असतं, काय रे हार्लन, काय झालं? गळपट्टी त्याला काचत होती. दिवे गेले.

पडद्यावरचं युद्ध मोठं स्वच्छ होतं. हार्लन ते बघत होता. पडद्यावरची पोरं दंतमंजनाच्या जाहिरातीतल्यासारखी हसत होती. कुणी खणत नव्हतं. जंगलात त्यांनी तर दुसरं काही केलंच नव्हतं. खणायचं, फांद्या अंथरायच्या, पाण्यात बसून राहायचं, पायांची बोटं मोजायची. युद्ध म्हणजे बसून राहणं. तेवढं सोडून या पिक्चरात बाकी सगळं होतं. गाव मात्र श्वास रोखून बघत होतं. पुढच्या रांगेतली पोरं तर खुर्चीच्या कडेवर आली होती.

आणि पाऊस सुरू झाला. तो त्याला ओळखू आला. आता तो पोरगा खंदकाबाहेर जाईल. आता गोळी लागेल. लागली. तो पडला. आता मित्र उठेल...

मित्र उठला, धावायला निघाला, आणि पडदा एकदम थरथरला, तपकिरी झाला, मधोमध एक भोक पडून पसरत गेलं, आणि उरला तो नुसता पांढरा उजेड. फीत जळाली होती.

"हो-ऽऽ!" पोरांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या. "क्लिफ, पैसे परत दे!" "अरे, त्याला मध्येच अडकवलंस की!" दिवे लागले. वरच्या खोलीतून क्लिफचा आवाज आला, "गप बसा रे, पाच मिनिटं! चिकटवतोय!"

हॉगनबाई समोर बघत होत्या. त्या गोंगाटात, ओठ फारसे न हलवता, त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी नव्हती जळाली."

हार्लनला आधी कळलंच नाही. "कधी?"

"एल्मर युद्धावर जायच्या आदल्या संध्याकाळी. वेल्टनला नेलं त्यानं मला, म्हणजे इथल्या कुणाला दिसायला नको. म्हणाला, आई, एकदा बघ तरी मी रोज चोरून काय बघायला जातो ते." टोपीच्या कडेवरून त्यांचं बोट फिरत होतं. "हेच लागलं होतं."

हार्लनच्या पायांखाली काही उरलं नाही. तो उठणार होता. पण गुडघे समोरच्या खुर्चीला टेकलेले, उठून जाणार कुठे?

"हसला तो," बाई म्हणाल्या. "त्या मरायच्या वेळी. सगळे रडतायत आणि हा हसतोय. मी चिमटा काढला. तर म्हणतो कसा, अगं आई, मरणारा माणूस एवढं बोलायला लागला तर डॉक्टर येईपर्यंत जगेल की."

एल्मरच बोलल्यासारखं वाटलं. तोच तिरका सूर.

"म्हणजे तुम्हांला पहिल्या दिवसापासूनच..."

"आमच्या मागच्या दाराला आम्ही कडी कधी लावतच नव्हतो, हार्लन. एल्मरला माहीत होतं. तो कशाला असला निरोप देईल?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू आलास तेव्हा हाडांचा सापळा झाला होतास. तासभर बशी पुढ्यात, तू काट्याला हात लावला नाहीस. ती गोष्ट सांगितलीस, आणि मग सगळा पाय खाल्लास. दुसरा तुकडा मागून घेतलास. मला वाटलं, याला सांगायचं आहे, सांगू दे. दर वर्षी तसंच. सांगितल्याशिवाय तुला घास उतरत नाही." थांबून त्या म्हणाल्या, "पण आता माझी सत्तरी आली. हे पिक्चरच ऐकून मी मरायचं का?"

पुढच्या रांगेत कुणीतरी लाह्या फेकत होतं. व्हर्ना हलत नव्हती. हार्लननं तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या हातातल्या पिशवीचा आवाज थांबल्याचं त्याला कळलं.

"वेळ लागला का त्याला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"किती?"

"उजाडेपर्यंत."

"तू कुठे होतास?"

"खड्ड्यात." हार्लननं गळपट्टी सैल केली. "तो पोट बिघडलं म्हणून बाहेर गेला होता. आम्हां सगळ्यांचंच बिघडलं होतं. वर झाडांत गोळा फुटला. अंधारात खड्ड्याबाहेर जो हलेल त्याच्यावर आमचेच लोक गोळी घालत, तसा हुकूमच होता."

"लांब होता?"

हार्लननं मान उचलली. समोर पांढरा रिकामा पडदा होता. "इथून त्या पडद्याइतका."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. नजरेनं ते अंतर मोजत असाव्यात तशा पाहत राहिल्या. पुढे खुर्च्यांच्या आठ-दहा रांगा, एक लाकडी मंच. टोपी टाकली तर पोचेल एवढंच.

"मी गेलो नाही, मिसेस हॉगन."

दिवे गेले. पोरांनी टाळ्या पिटल्या. पडद्यावरचा मित्र जिथे थांबला होता तिथूनच पुन्हा निघाला. पावसातून, गोळ्यांतून, उड्या मारत, आणि बघता बघता पोचलासुद्धा. किती सोपं होतं ते. पोराचं डोकं मांडीवर घेतलं. पोरगा हसला. बोलू लागला. थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. औषधवाल्याची बायको हुंदके देत होती.

"आईला सांग," पडद्यावरचा पोरगा म्हणाला, "मागच्या दाराची कडी लावू नकोस म्हणावं..."

रांगेतली माणसं वळून हॉगनबाईंकडे बघू लागली. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. कुणीतरी कुजबुजलं, "अगं बाई, अगदी एल्मरसारखंच!" दुसरं कुणीतरी काही म्हणायला गेलं आणि मध्येच थांबलं. बाहेरच्या पोस्टरवर साल छापलेलं होतं, एल्मर गेला त्याच्या आधीचं. हार्लनला वाटलं, अंधारात एकेक डोकं तो हिशेब मांडतंय.

त्याच्या डाव्या कानापाशी व्हर्नाचा श्वास आला. "म्हणून झोपेत 'आलो, आलो' म्हणतोस होय?" ती म्हणाली.

तिनं त्याचा हात घेतला नाही, आणि आपला हात मधल्या दांड्यावरून काढूनही घेतला नाही.

पिक्चर संपलं. क्लिफ मंचावर चढला, डोळे पुसत. "मंडळी! हे सगळं ज्यानं स्वतः भोगलं, तो आपल्यातच बसलाय. हार्लन, ये रे वर! दोन शब्द सांग या पोरांना. असंच असतं ना तिकडे?"

टाळ्या सुरू झाल्या. सगळी डोकी वळली. पुढची पोरं खुर्च्यांवर गुडघे टेकून मागे बघत होती. रांगेतल्या लोकांनी त्याला वाट द्यायला पाय आत घेतले, पण मंचाकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूच्यांनीच. हार्लन उठला. न उठून करतो काय? गणवेशाचं मधलं बटण तटकन तुटलं आणि कुठेतरी अंधारात घरंगळत गेलं.

बाईंनी त्याची बाही धरली.

"तो येणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिल्या रांगेत गायलेला होता. "त्याला मला घरी सोडायचंय. माझा रुबार्बचा पाय भट्टीत आहे."

"दोनच शब्द, मिसेस हॉगन..."

"करपला तर तू खाशील का, क्लिफर्ड?"

थिएटर हसलं. आणि टाळ्यांची ती लाट तिथेच फुटली.

ट्रक हॉगनबाईंच्या फाटकाशी थांबला. व्हर्ना उतरली. "मी घरी चालत जाते. तू ये नंतर," ती म्हणाली, आणि मग खिडकीशी परत येऊन, "जेवायला थांबते मी."

हॉगनबाईंच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. भट्टी गार होती. रुबार्बचा पाय सकाळीच झालेला, फडक्याखाली झाकून ठेवलेला. त्यांनी मोठा तुकडा कापला, त्याच्यासमोर ठेवला, कॉफी ओतली. हार्लन सवयीनं बोलायला गेला.

"आधी खा," त्या म्हणाल्या.

त्यानं काटा उचलला. पहिला घास तोंडात मातीसारखा फिरला. रुबार्ब आंबट होतं. दर वर्षी तेवढंच आंबट असणार, त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्या बघत होत्या. त्यानं दुसरा घास घेतला. तिसरा. बशी रिकामी व्हायला फार वेळ लागला.

मग बाई उठल्या आणि मागच्या दारापाशी गेल्या. कडीवर रंगाचे थर बसले होते, ती वळेना. त्यांनी अंगठ्यानं रेटली, मग तळहातानं ठोकली. कुरकुरत ती खोबणीत जाऊन बसली. स्वयंपाकघर एकाएकी लहान झालं. त्या परत येऊन त्याच्यासमोर बसल्या, हात मांडीवर घेऊन.

"सांग," त्या म्हणाल्या.

हार्लननं बंद दाराकडे पाहिलं.

"पाऊस नव्हता," तो म्हणाला.

"बरं," मिसेस हॉगन म्हणाल्या. "पुढे?"